शेव्हरचा सेल बदलताय? या चुका टाळा

शेव्हर दोन मिनिटांत मान टाकतो म्हणजे सेलच गेला, असं लगेच ठरवू नका. आधी जाळी आणि ब्लेड काढून अडकलेले केस झाडा. केसांचा आणि साबणाचा थर साचला की मोटर जास्त करंट ओढते, मग चांगला सेलही लवकर बसतो. चार्जिंगच्या पिनाही स्पिरिटने पुसा. ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात बाथरूममध्येच पडून राहिलेल्या मशीनच्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि चार्ज अर्धवट होतो.

तरीही फरक नसेल तर पूर्ण चार्ज करून मशीन उघडा, मोटर चालू ठेवून सेलवर मल्टिमीटर धरा. निकेलचा सेल मिनिटाभरात १ व्होल्टखाली किंवा लिथियमचा ३ व्होल्टच्या आसपास आला, तर बदलायलाच हवा. काही मशीनमध्ये ॲडॉप्टरशिवाय थेट २३० व्होल्टची वायर जाते. असं मशीन उघडं असताना प्लगला चुकूनही लावू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसती साईज बघून सेल आणणं. निकेल मेटल हायड्राइडचा डबल-ए सेल १.२ व्होल्टचा आणि लिथियमचा ‘१४५००’ साईजचा सेल ३.७ व्होल्टचा, पण हातात घेतले तर जुळे भाऊ. लिथियमला ४.२ व्होल्टवर चार्जिंग थांबवणारं सर्किट लागतं. निकेलवाल्या साध्या मशीनमध्ये ते नसतं, करंट जातच राहतो. तिथे लिथियम घातला तर तो फुगतो, पेटूही शकतो. रिमोटचा साधा अल्कलाइन सेल तर चार्ज करायचाच नसतो, तो गळून सर्किट खातो. म्हणून जुन्या सेलवरचा मजकूर वाचूनच दुकानात जा. मशीनमध्ये दोन सेल असतील तर दोन्ही एकदम बदला, त्याच कंपनीचे आणि त्याच क्षमतेचे.

क्षमतेच्या आकड्याला भुलू नका. १४५०० सेलमध्ये खरे साधारण ७०० ते १००० एमएएच मावतात. त्यावर ३००० छापलं असेल तर तो सेल तिथेच ठेवा. निकेलच्या डबल-एमध्ये मात्र २००० खरे असू शकतात. जुना ६०० चा होता आणि नवा २००० चा घातला तर चालतं, फक्त चार्जिंगला त्याच प्रमाणात जास्त वेळ लागतो.

आता सोल्डरिंग. इथे बहुतेक सेल मरतात. सेलच्या तोंडाशी प्लास्टिकचं सील असतं, ते तापलं की सेल आतून सुकतो. त्यामुळे दोन्ही टोकांना निकेलची पट्टी आधीच जोडलेला, म्हणजे टॅबवाला सेल घ्या. जवळपास नाही मिळाला तर मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा. तेवढा फेरा वाया जात नाही. लिथियम सेलवर थेट डाग देणं तर साफ चूक.

कमी वॅटची गन म्हणजे सेलला सुरक्षित, हा समज उलटा आहे. २५ वॅटची गन टॅबवर दहा-दहा सेकंद धरावी लागते आणि सगळी उष्णता सेलमध्ये उतरते. ६० वॅटच्या गनने दोन-तीन सेकंदांत काम होतं. टॅब पॉलिश पेपरने घासून त्यावर आणि वायरवर आधी सोल्डर चढवून ठेवा.

आणखी एक, जे पटकन दिसत नाही. सेलचं अख्खं डबं मायनस असतं, प्लसच्या टोकाभोवतीची कडासुद्धा. मध्ये फक्त पातळ प्लास्टिकचं आवरण. प्लसची पट्टी दुमडून त्या कडेवर टेकली आणि आवरण वितळलं की शॉर्ट झालाच. तिथे कागदी इन्सुलेशनची चकती किंवा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) लावा. सेलोटेप उष्णतेने आकसते. प्लस-मायनस कुठे होतं याचा फोटो जुना सेल काढण्यापूर्वीच काढा. काढलेल्या सेलच्या टोकांना टेप लावून तो ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत टाकू नका.

बंद करताना रबरी रिंगवर केस राहिला तर तिथूनच पाणी शिरतं. रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. एकदा उघडलेलं मशीन नळाखाली धुण्यापेक्षा ब्रशने झाडलेलं बरं.

पहिलं चार्जिंग लादीवर, नजरेसमोर करा, रात्रभर लावून झोपू नका. निकेलचा सेल शेवटी कोमट होतो, ते ठीक. लिथियम जेमतेम कोमट व्हावा. हात ठेववत नाही इतका कुठलाही तापला, तर आधी बटण बंद करून प्लग काढा आणि सेलची जात पुन्हा तपासा.