भुंग्यांवरचे माइट ओळखायला बसलात? मग या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की दरवर्षी कोणीतरी मला तोच फोटो पाठवतं. पोर्चच्या लाइटखाली नाहीतर ताज्या शेणावर सापडलेला भुंगा, उलटा केलेला, पायांच्या बेचक्यात दहा-पंधरा तांबूस दाणे चिकटलेले आणि खाली प्रश्न, "याला गोचीड लागलेत का हो, मरेल का हा?" गोचीड नाहीत ते, माइट आहेत. गोचीडही खरं तर माइटांच्याच खानदानातली, पण ती भुंग्याच्या वाटेला जात नाही, तिला गाय, म्हैस, कुत्रा, सरडा असं काहीतरी लागतं. मराठीत शेतीवाले माइटला कोळी म्हणतात, लाल कोळी वगैरे, पण तो शब्द वापरला की जाळं विणणाऱ्या कोळ्याशी गोंधळ होतो म्हणून मी आपलं माइटच म्हणणार.

जगात 50,000 पेक्षा जास्त जातींच्या माइटांना नावं मिळालीयत, आणि उष्ण प्रदेशातल्या भुंग्यांवर बसणाऱ्यांपैकी कितीतरी अजून नावाशिवाय फिरतायत. त्यामुळे चुका होणारच. पण काही चुका अशा की त्या केल्या की पुढचं सगळं काम फुकट जातं, आणि त्यातल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

सगळे भुंगे एकाच बरणीत

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आणि सगळे हीच करतात. शेणाच्या पोवट्याखालून पाच-सहा शेणकिडे काढले, एका बरणीत टाकले, घरी येईपर्यंत माइटांनी घरं बदललेली असतात. हे माइट मुळात गाडी बदलण्यातच पटाईत, एका भुंग्यावरून उतरून दुसऱ्यावर चढणं हा त्यांचा रोजचा धंदा. मग तुम्ही लिहिता की अमुक जातीच्या भुंग्यावर अमुक माइट सापडला आणि ते खरं असेलच असं नाही, बरणीत सापडला एवढंच खरं. लाइट ट्रॅप आणि माडाच्या बागेतले कामगंध सापळे यांचंही तेच, बादलीत रात्रभर चाळीस भुंगे एकमेकांवर चढलेले असतात, त्यातून कोण कोणाचा हे सांगणं अशक्य. एक भुंगा एक ट्यूब, बस. कोकणात गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यातून लोखंडी आकड्याने ओढून काढतात, तसा मिळालेला भुंगा फाटलेला असतो, पण निदान तो एकटा तरी असतो.

दुसरं म्हणजे ट्यूबवर मार्करने लिहू नका. अल्कोहोलचा एक थेंब ओघळला की शाई गेली. जाड कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने लिहायचं आणि ती चिठ्ठी ट्यूबच्या आत टाकायची. अल्कोहोल 70 ते 80 टक्के पुरे, डीएनएचा विचार असेल तर 95 च्या वर. सॅनिटायझरचं जेल अजिबात नको, ते माइटच्या केसांना चिकटून बसतं आणि मग धुता धुता नाकी नऊ येतात.

आधी धुणं, मग बघणं

बरेच जण भुंगा अल्कोहोलमध्ये घालून जोरात हलवतात, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकतात, पाणी गाळतात आणि गाळात मिळालं ते मोजतात. पद्धत चांगली आहे पण ती शेवटची पायरी आहे. माइट कुठे बसला होता हीच अर्धी ओळख असते. पायांच्या मुळाशी, मानेच्या सांध्यात, पोटाच्या केसांत का कडक पंखांच्या आत? पंखांच्या ढालीखाली राहणारे कॅनेस्ट्रिनिडी कुळातले माइट अख्खं आयुष्य भुंग्यावरच काढतात, आणि पोडापोलिपिडी कुळातले तर तिथेच कायमचे चिकटलेले असतात, नुसतं हलवून ते निघतच नाहीत. म्हणजे तुम्ही धुतलंत, गाळलंत, "पंखाखाली काही नव्हतं" असं लिहिलंत आणि ते तिथेच बसलेले. आधी भिंगाखाली एकेक पंख उचलून बघा, जागा लिहून घ्या, तीन शून्याच्या (000 नंबरच्या, अगदी बारीक) ब्रशने उचला आणि मग खुशाल धुवा.

बसलाय म्हणजे रक्त पितोय

नाही. भुंग्यावर दिसणारे बहुतेक माइट नुसते प्रवासी असतात, एसटीत बसल्यासारखे. शेणाचा पोवटा चार दिवसांत सुकतो, माइटला पंख नाहीत, मग नव्या पोवट्यापर्यंत जायचं कसं? भुंग्यावर बसून. तिथे पोचलं की उतरायचं आणि माश्यांची अंडी, सूत्रकृमी जे मिळेल ते खायचं. म्हणजे भुंग्याच्या पिल्लांचे जे प्रतिस्पर्धी त्यांनाच हा खातो. अर्थात एकाच भुंग्यावर शेकडो चढले तर उडायला जड जातंच, तेव्हा "पूर्ण निरुपद्रवी" असंही छातीठोक सांगू नये.

गंमत म्हणजे हा गैरसमज नावातच गोठलाय. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्येच भुंग्यावरच्या एका माइटला नाव दिलं होतं, आज तो पॅरासायटस कोलिओप्ट्राटोरम म्हणून ओळखला जातो, युरोपातल्या शेणकिड्यांवर फिरतो. नाव पॅरासायटस, पण परजीवी नाही, शिकारी आहे.

याची उलटी चूकही होते आणि त्यासाठी सोंड्या भुंगा उत्तम उदाहरण आहे, नारळ-खजुराचं वाटोळं करणारा तो लाल सोंडवाला. त्याच्या पंखांखाली कधी कधी तपकिरी गोल माइटांची गर्दी मिळते, सेंट्रोयुरोपोडा नावाच्या वंशाची, आणि ते बघून लोक लगेच उड्या मारतात की सापडला जैविक उपाय, हे माइट भुंग्याला मारणार. ते युरोपोडिना गटातले प्रवासी आहेत हो. गुदद्वारातून एक चिकट स्राव काढतात, तो सुकून देठ तयार होतो आणि त्या देठावर माइट भुंग्याला टांगलेला राहतो. देठ म्हणजे सोंड नव्हे, तिथून तो काही पीत नाही. पण त्याच रिन्कोफोरस (हे सोंड्या भुंग्याच्या वंशाचं नाव) भुंग्यांवर रिन्कोपोलिपस नावाचे पोडापोलिपिडी पण नोंदलेले आहेत आणि ते मात्र खरे परजीवी. एकच भुंगा, दोन भाडेकरू, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. म्हणून "सोंड्या भुंग्यावरचा माइट" या शब्दांना काही अर्थ नसतो, कुठला ते सांगा.

वय न बघता की लावणं

की म्हणजे ओळख पटवायची प्रश्नावली, हे असेल तर तिकडे जा, ते असेल तर इकडे. या कीज बहुतेक प्रौढ मादीवर बनवलेल्या असतात. आणि भुंग्यावर मिळतो तो बहुतेकदा प्रौढ नसतोच! पॅरासिटिडी कुळातले जे चपळ तांबूस मोठे माइट दिसतात, पाठीवर दोन वेगळ्या ढाली असलेले, ते ड्यूटोनिम्फ, म्हणजे वयात येण्याच्या अलीकडची अवस्था. त्यांना जननरंध्रच नसतं, मग "जननढालीचा आकार कसा" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देणार? मी पहिल्या वर्षी दिलं होतं, काहीतरी डाग बघून, आणि तीन दिवस चुकीच्या कुळात फिरत बसलो.

उलट मॅक्रोकेलिडी कुळात भुंग्यावर येतात त्या प्रौढ माद्याच. मॅक्रोकेलीस मस्केडोमेस्टिके घ्या, नावात घरमाशी आहे पण शेणातल्या भुंग्यांवरही बसतो. नर घरी शेणातच राहतात, म्हणून नराच्या खुणा विचारणारी की इथे उपयोगाची नाही. ओळखायला एक छान खूण आहे, श्वासरंध्रापासून निघणारी नळी पेरिट्रीम, ती या कुळात रंध्राच्या मागून वळसा घालून येते. एकदा दिसली की विसरत नाही. शिवाय पुढच्या पायांना नख्या नाहीत, ते स्पर्शकासारखे पुढे चाचपत चालतात.

आणि सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे हायपोपस. अॅस्टिग्माटा गटातल्या माइटांचा ड्यूटोनिम्फ इतका वेगळा दिसतो की जुन्या शास्त्रज्ञांनी त्याला वेगळा वंश समजून हायपोपस हे नाव दिलं होतं, आता ते फक्त अवस्थेचं नाव उरलंय. तोंड नाही, खाणं नाही, मागे पोटाखाली चोषकांची एक चकती आणि त्या चकतीने भुंग्याला चिकटून बसायचं. मिलिमीटरच्या पाव भागाएवढे असतात, भुंग्याच्या अंगावर पांढरट धूळ पडल्यासारखी दिसते. जबडे शोधत बसू नका, नाहीयेत.

मग करायचं काय? जिवंत असतील तर वाढवा. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कोळशाची पूड मिसळून छोट्या डबीत तळ ओतायचा, तो ओला ठेवायचा, सूत्रकृमी नाहीतर माशीची अंडी द्यायची. ड्यूटोनिम्फ कात टाकून प्रौढ झाला की मग कीला हात घाला. अवस्था ओळखायला आधी पाय मोजा: सहा पाय म्हणजे अळी, आठ म्हणजे पुढची कुठलीतरी. पण इथेही पोडापोलिपिडी घोळ घालतात, त्यांच्या प्रौढ माद्यांचे पाय कमी होत गेलेत, काहींत तर एकच जोडी, नुसती पांढरी पिशवी वाटते. अंडं समजून फेकू नका.

फोटोवरून युरोपातलं नाव चिकटवणं

भुंग्यावर तांबूस माइट दिसला की नेटवर पहिलं नाव मिळतं पोइसिलोकायरस. हा निक्रोफोरस नावाच्या मढं पुरणाऱ्या भुंग्यांबरोबर फिरतो, त्यावर अभ्यास खूप झालाय म्हणून तो सर्चमध्ये वर येतो, दुसरं काही कारण नाही. निक्रोफोरस ही थंड हवेतली मंडळी, आपल्याकडे हिमालयाच्या बाजूला आहेत. रत्नागिरीच्या शेणकिड्यावर बसलेल्या माइटला ते नाव द्यायचं म्हणजे मालवणच्या बाजारात सफरचंदाची बाग शोधण्यासारखं आहे. फोटोवरून फार तर गट सांगता येतो: कासवासारखा गोल आणि हात लावला की पाय आत ओढणारा तो युरोपोडिना, चपळ दोन ढालींचा तो पॅरासिटिडी, पांढरी धूळ म्हणजे हायपोपस. त्याच्या पुढे स्लाइडच लागते.

स्लाइड बिघडवण्याचे प्रकार

अल्कोहोलमधून काढला, थेट होयर मीडियममध्ये (स्लाइडवर माइट बसवायच्या पारदर्शक डिंकात) टाकला, आत सगळा काळा गोळा, काहीच दिसेना. आधी लॅक्टिक अॅसिडमध्ये पारदर्शक करून घ्यायचा, जाड तपकिरी असेल तर दोन दिवसही लागतात, पातळ हायपोपसला मात्र थोडाच वेळ, जास्त ठेवलात तर तो भुतासारखा नाहीसा होतो. होयरची कृती जुनी आणि सरळ आहे: 50 मिली डिस्टिल्ड पाणी, 30 ग्रॅम अरबी डिंक, 200 ग्रॅम क्लोरल हायड्रेट, 20 मिली ग्लिसरीन, याच क्रमाने. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, घरच्या ओट्यावर हा उद्योग नको, कॉलेजच्या लॅबमध्येच करा. स्लाइड 45-50 अंशांच्या ओव्हनमध्ये आठवडाभर वाळवा आणि मग कडेने सील करा. सील न केलेली स्लाइड आपल्या पावसाळ्यात ओलावा ओढते आणि गणपतीपर्यंत कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, सरकलेली असते. एक माइट पाठ वर आणि दुसरा पोट वर असे दोन तरी लावा, कारण पाठीच्या ढाली आणि पोटाची रंध्रं एकाच बाजूने नीट दिसत नाहीत.

जे माइटच नाही ते

भुंग्याच्या कडक पंखावर उभे राहिलेले पिवळट-तपकिरी काटे दिसले तर थांबा, ती लाबूल्बेनियालीस गटातली बुरशी असू शकते, किड्यांच्या अंगावरच वाढते. शेणखड्ड्यातल्या गेंड्या भुंग्याच्या अळीवर पांढरा थर असेल तर तो हायपोपसचा आहे का मेटारायझियम बुरशीचा हे भिंगाखाली बघा, बुरशी पुढे हिरवी पडते. सुटलेले रिकामे देठ म्हणजे युरोपोडिना येऊन उतरून गेल्याची खूण, तीही नोंदवा. आणि जुन्या सुकवलेल्या भुंग्यावर, पेटीत, पावसाळ्यात माइट सापडले तर ते बहुधा बुरशी खायला आलेले घरचेच आहेत, जंगलातून आलेले नाहीत.

जातीपर्यंत ओढणं आणि जुनी नावं

गेंड्या भुंग्यावर हायपोअॅस्पिस वंशाचे माइट मिळतात, मोठे, चपळ, पाठीच्या मागच्या टोकाला लांबच लांब केस. पण हे नाव पूर्वी इतक्या सैल हाताने वापरलं गेलं की मातीतले शिकारी माइटही त्यातच कोंबले होते. ग्रीनहाउससाठी हायपोअॅस्पिस माइल्स म्हणून विकला जाणारा माइट आता स्ट्रॅटिओलेलॅप्स वंशात गेलाय. जुन्या यादीत नाव दिसलं म्हणून तेच उतरवू नका, आजचं नाव काय ते बघा. वंशापर्यंत पोचलात तरी भारी काम झालं, "अमुक वंश, जात अनिश्चित" लिहायला लाज कसली. डीएनए करणार असाल तर माइट चिरडू नका, कवच शाबूत ठेवून डीएनए काढता येतो आणि तेच कवच नंतर स्लाइडवर लावता येतं.

आणि तो भुंगा? तो फेकायचा नाही. पिन करून, माइटच्या ट्यूबचाच नंबर लावून ठेवायचा, कारण भुंग्याची ओळखही चुकलेली असू शकते. माझ्याकडे पहिल्या वर्षीची एक ट्यूब आहे, आत सुंदर मॅक्रोकेलीस, अकरा माद्या, आणि चिठ्ठीवर फक्त "शेणकिडा, अंगण". त्या दिवशी त्या पोवट्यात निदान चार जातींचे शेणकिडे होते.