फ्लॅट, अपार्टमेंट, पागडी, रो-हाउस: घराची खरी मालकी कशी ओळखावी

घर विकत घेताना आपण खोल्या मोजतो, हवा-उजेड पाहतो, पाण्याची चौकशी करतो; पण इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न बहुधा बयाणा दिल्यानंतर निघतो. महाराष्ट्रात तो सर्वांत आधी विचारला पाहिजे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन घरांत मालकीचा प्रकार पूर्णपणे वेगळा असू शकतो.

सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेतील फ्लॅट. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या अशा संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची व्हावी अशी अपेक्षा असते, आणि सभासदाकडे संस्थेचे भाग व त्यांच्याशी जोडलेला फ्लॅटचा हक्क असतो. म्हणून विक्रेत्याकडे नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराच्या नोंदीचा उतारा, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात) आणि शेअर सर्टिफिकेट ही तिन्ही मागावीत, आणि सर्टिफिकेटच्या मागील बाजूस हस्तांतराच्या नोंदी क्रमाने जुळतात की नाही हे स्वतः वाचावे. त्यानंतर मिळकत पत्रिका, म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा (प्रॉपर्टी कार्ड), काढून पाहावी. तिच्यावर संस्थेऐवजी अजूनही मूळ जमीनमालकाचे किंवा बिल्डरचे नाव असेल, तर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करणे, झालेले नाही असे समजावे. रोजच्या राहण्यात त्याचा त्रास जाणवत नाही. तो पुनर्विकासाच्या वेळी उभा राहतो, कारण वाढीव चटईक्षेत्रावर, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या हक्कावर, जमिनीचा नोंदलेला मालक हक्क सांगू लागतो. बिल्डर दाद देत नसेल, तर १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याच्या कलम ११ नुसार संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीविनाच मालकी संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. जी संस्था हे काम वर्षानुवर्षे टाळते, तिथे घर घेण्यापूर्वी मी तरी दहा वेळा विचार करीन.

अपार्टमेंट हा शब्द बोलण्यात कोणत्याही इमारतीला लावला जातो, परंतु १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील अपार्टमेंट ही वेगळी व्यवस्था आहे आणि पुण्यात ती पुष्कळ ठिकाणी आढळते. येथे सदनिका थेट तुमच्या मालकीची असते आणि जमिनीत व सामाईक जागेत तुमचा टक्केवारीत ठरलेला अविभक्त हिस्सा असतो. ही टक्केवारी इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रात व तुमच्या सदनिकेच्या मालकीदस्तात, म्हणजे अपार्टमेंट डीडमध्ये, नमूद असते. सामाईक खर्चही तिच्याच प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे मोठ्या सदनिकेला देखभाल खर्च अधिक पडतो.

मुंबईच्या जुन्या चाळींतील पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे (पागडी) देऊन भाड्याने मिळणारे, घर घेताना तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अशा रकमेच्या देवघेवीला मान्यता दिलेली आहे. मात्र घरमालकाची लेखी संमती आणि स्वतःच्या नावाची भाडेपावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रो-हाउस किंवा बंगल्याच्या बाबतीत जमीन स्वतंत्रपणे तुमच्या नावावर होणार की संस्थेच्या, एवढे आधी स्पष्ट करून घ्यावे. सातबारा असल्यास त्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ हे पाहावे, कारण वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरास सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. नवी मुंबईत सिडकोने, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भूखंड साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. तिथे पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत आणि हस्तांतर शुल्क कोण भरणार, हे करारातच लिहून घ्यावे.

वारसाहक्काने आलेले घर घेताना एक गैरसमज हमखास आड येतो. संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशित असलेली व्यक्ती सभासदाच्या मृत्यूनंतर आपोआप मालक होत नाही. ती वारसांच्या वतीने घर सांभाळते. अशा व्यवहारात मृत्युपत्र, वारस दाखला किंवा इतर सर्व वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिल्याशिवाय करारावर सही करू नये.