बेडरूममध्ये प्लगवरचे दिवे लावताय? या चुका टाळा

छताला पॉइंट नाही, घरमालक भिंत फोडू देत नाही, मग प्लगवर चालणारे दिवे घ्यायला लोक आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात येतात. मार्ग उत्तम आहे, भाड्याच्या घरात मी हाच सुचवतो. पण त्याच त्या चुका बघून आता जीव विटलाय, म्हणून लिहून काढतोय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक एलईडी पट्टीच्या अडॅप्टरची. १२ व्होल्टची पाच मीटरची रीळ घेतात आणि घरात पडलेला जुन्या राउटरचा २ अँपिअरचा अडॅप्टर जोडतात. पिन बसली म्हणजे जमलं, असं नसतं. ५०५० एलईडीची (म्हणजे ५ बाय ५ मिलिमीटरच्या दिव्यांची), मीटरला ६० दिवे असलेली पट्टी साधारण १४.४ वॅट प्रतिमीटर ओढते. पाच मीटरला झाले ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. तो जुना अडॅप्टर देणार फार तर २४ वॅट.

गेल्या पावसाळ्यात हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आला. "काका, पट्टी खराब निघाली. मिणमिणते, बंद पडते, थोड्या वेळाने परत लागते." म्हटलं, अडॅप्टर घेऊन ये. आणला, तर खालची बाजू तपकिरी पडून फुगलेली. ठेवला कुठे होतास विचारलं, तर वायर दिसू नये म्हणून गादी आणि पलंगाच्या फळीच्या मध्ये. कापसाची गादी, आणि रात्रभर हा त्यावर झोपायचा! ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. पट्टी चांगलीच होती. ७.५ अँपिअरचा अडॅप्टर दिला आणि पलंगाबाहेर, हवा लागेल असा ठेवायला लावला. तेव्हापासून तक्रार नाही.

माझी सवय सांगतो. पट्टीचे एकूण वॅट काढायचे, वर वीस टक्के धरायचे, आणि अडॅप्टर तासभर चालवून त्याच्या प्लास्टिकवर हात ठेवून बघायचा. हात ठेववत नसेल तर तो परत करायचा. पत्र्याच्या जाळीचा, उघड्या स्क्रूंचा सप्लाय (अडॅप्टरचंच काम करणारा डबा) मी बेडरूमसाठी देतच नाही, कितीही स्वस्त पडला तरी. त्या स्क्रूंवर २३० व्होल्ट असतात आणि घरात लहान मुलं येतात-जातात.

दुसरी चूक भिंतीची. डिस्टेंपरवर दुहेरी टेप लावायची नाही. पावसाळ्यात ओल धरली की पट्टी लोंबते, ओढून काढली की रंगाचे पापुद्रे निघतात आणि घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातात. मी पट्टी पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे किंवा कपाटाच्या वरच्या कडेला लावतो. आधी कोरड्या फडक्याने धूळ, मग स्पिरिटने पुसायचं, आणि सुकू द्यायचं. हे सुकू देणंच लोकांना नको असतं. कामावरून आल्या आल्या चिकटवायची, तासाभरात फोटो काढायचा, आणि रविवारी पट्टी खाली पडली म्हणून दुकानात. पट्टी कापायची असेल तर तिच्यावरच्या कापायच्या खुणेवरच कापा. साध्या १२ व्होल्टच्या पट्टीत ती दर तीन एलईडींनंतर असते.

बल्ब घेण्याआधी लॅम्पचा होल्डर बघा: आपल्या घरांत पिनचा बी-२२ असतो, टेबल लॅम्पला बहुतेक आट्यांचा ई-२७.

झोपायच्या खोलीत ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढराफटक उजेड नको, २७०० ते ३००० चा पिवळसर घ्या.

लॅम्प दहा वॅटचा असला तरी ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री किंवा हीटर लावता, त्यावर तो लावू नका.

धातूच्या लॅम्पची तिसरी पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तोडणारे मी पाहिलेत. ती अर्थिंगची पिन आहे. आत वायर सुटून लॅम्पच्या अंगाला लागली, तर तीच शॉकपासून वाचवते. सॉकेट बदलून घ्या, घरमालकाशी मी बोलतो हवं तर.

आणि वायरवरचं बटण उशीवरून हात पोचेल असं हवं, नाहीतर अंधारात चाचपडताना वायर ओढली जाते आणि लॅम्प खाली येतो.