फायबरच्या मोडेमला जुना लँडलाइन फोन जोडताय? या चुका टाळा

फायबरच्या मोडेममागे ‘फोन’ किंवा ‘टेल’ लिहिलेलं एक छोटं सॉकेट असतं. त्यात हॉलमधला फोन खुपसला की इंटरनेटवरून कॉल सुरू. इथवर सहसा कुणाचं चुकत नाही. पुढे बेडरूममधला आणि वरच्या मजल्यावरचा पॅरलल (त्याच लाइनवरचा जादा) फोनही चालावा असं वाटतं, मग मोडेमची वायर थेट भिंतीवरच्या जुन्या रोझेटला, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडलेल्या छोट्या डबीला, जोडली जाते. गडबड होते ती इथे.

कल्पना चांगलीच आहे. दोन तारांची जोडी आधीच सगळ्या खोल्यांतून फिरलेली असते, एका टोकाला डायल टोन दिली की सगळीकडे पोहोचते. पण त्याच जोडीचं दुसरं टोक खांबावरच्या डीपीतून (तारा वाटणाऱ्या पेटीतून) एक्स्चेंजकडे गेलेलं असतं. एक्स्चेंज त्या तारांवर कायम ४८ व्होल्टच्या आसपास डीसी ठेवतं आणि रिंग देताना ७५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त एसी सोडतं. मोडेमचा फोन पोर्ट म्हणजे घरातलं छोटं एक्स्चेंजच. तोही स्वतःचा डीसी आणि स्वतःची रिंग देतो. दोघं एकाच जोडीवर आले की मार खातो तो मोडेम. कधी नुसती घरघर ऐकू येते, कधी पोर्ट कायमचा जातो. नेट मात्र व्यवस्थित चालू असतं, त्यामुळे संशय बिचाऱ्या फोनवर येतो.

‘आमची जुनी लाइन कधीच बंद झाली’ यावर विसंबू नका. बिल बंद झालं म्हणजे तार सुटली असं होत नाही. शिवाय पावसाळ्यात खांबावरून येणारी मेलेली तारही विजेचा झटका घरात आणू शकते.

म्हणून आधी रोझेटचं झाकण उघडा. आकाशात गडगडाट असताना हे काम नको. स्क्रूखाली साधारणपणे दोन जोड्या दिसतील: एक बाहेरून आलेली ड्रॉप वायर, बहुधा काळी आणि कडक, दुसरी घरात गेलेली बारीक वायर. ड्रॉप वायरच्या दोन्ही तारा सोडवा, प्रत्येकीला वेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि ‘बाहेरची लाइन, जोडू नये’ अशी चिठ्ठी लावा. चिठ्ठी फालतू वाटेल, पण दोन वर्षांनी येणारा वायरमन सुटी तार दिसली की ती इमानेइतबारे परत जोडून जातो. आता घरातल्या जोडीवर मल्टिमीटर लावा, मोडेमची वायर काढून. ती लावलेली असेल तर मोडेमचेच चाळीस-पन्नास व्होल्ट दिसतील आणि काही कळणार नाही. वायर काढल्यावर शून्य आलं तरच मोडेम जोडा. व्होल्टेज आलंच, तर दुसऱ्या खोलीत आणखी एखादा जोड आहे, तो शोधा. जुनी लाइन चालू ठेवायची असेल तर तिला वेगळा फोन द्या, नाहीतर दोन लाइनचा फोन घ्या; भिंतीतल्या एकाच जोडीवर दोन्ही नकोत.

फोनची पिन लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या केबलच्या, सॉकेटमध्येही सहज बसते, हे एक लक्षात ठेवा. ‘टोन येत नाही’ या तक्रारीत आधी तेच तपासा.

पॅरलल फोन किती लावायचे? एक्स्चेंजची लाइन चार-पाच सेट सहज वाजवायची. मोडेमच्या पोर्टची ताकद बऱ्याचदा दोन-तीन सेटपुरतीच असते. खरीखुरी घंटा असलेला जुना सेट एकटाच बराच भार खातो. रिंग अर्धवट वाजते किंवा एखादा फोन वाजतच नाही, असं दिसलं तर एकेक सेट काढून बघा. त्यापेक्षा मोडेमला एक कॉर्डलेस बेस लावून जादा हँडसेट घेणं सोयीचं: पोर्टवर भार एकाच सेटचा.

चकतीचा फोन लावलात तर येणारा कॉल घेता येईल, पण बहुतेक मोडेमवरून लावता येणार नाही. त्यांना पल्स, म्हणजे चकती फिरताना होणारी टकटक, कळत नाही. बटणांच्या फोनखाली पी (पल्स) आणि टी (टोन) असा खटका असेल तर तो टीवर हवा. नंबर दाबल्यावर चार-पाच सेकंद शांतता पसरते ती बिघाड नव्हे, मोडेम आणखी आकड्यांची वाट बघत असतो. शेवटी # दाबलं की बहुधा लगेच लागतो. मोबाइलला फोन करताना आधी शून्य लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून.

वीज गेली की काय? तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजची बॅटरी होती. फायबरवर मोडेम बंद, फोन बंद. कॉर्डलेसचा बेसही त्याच बोर्डावर असतो, तोही इन्व्हर्टरवर घ्या. मिनी यूपीएस घेणार असाल तर खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ८८०० एमएएच हे सहसा ३.७ व्होल्टच्या सेलचं माप असतं, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. १२ व्होल्टचा मोडेम ८ वॉट खात असेल तर, वाटेतली गळती धरून, साडेतीन तासांच्या आतच तो संपतो. यूपीएस घेण्याआधी अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनचं प्लस-मायनस बघून घ्या.

आवाज एकाच बाजूने येतोय? कंपनीच्या मोडेममागे स्वतःचा राउटर आणि त्यामागे फोन अ‍ॅडॅप्टर (साधा फोन इंटरनेटवर चालवणारा डबा) अशी रांग असेल तर राउटरच्या सेटिंगमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉलच्या निरोपांत ढवळाढवळ करणारी सोय, बंद करा. एका कॉलला दोन्ही दिशांनी ८०-९० केबीपीएस पुरतात, त्यामुळे स्पीड वाढवून हे सुटत नाही. आवाज तुटत असेल तर मात्र अपलोड बघा. मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढत असताना तो हमखास अडखळतो.

परदेशातल्या मुलाने ‘फोन’ आणि ‘लाइन’ अशी दोन सॉकेटं असलेला असाच डबा पाठवला असेल तर ‘लाइन’मध्ये इथली लँडलाइन अजिबात लावू नका. इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल घरच्या लाइनवरून इथल्या नंबरांना जोडून देणं हे परवानाधारक कंपन्यांचं काम आहे, घरात ते बेकायदेशीर ठरतं. ‘फोन’ सॉकेटला एक वेगळा सेट लावा आणि मुलाशी त्यावरच बोला.

जुनी लाइन सोडण्याचा अर्ज सगळं चालू झाल्यावरच द्या. त्याच कंपनीच्या तांब्यावरून फायबरवर जाताना नंबर ठेवता येईल का ते आधी विचारा. कंपनी बदलली तर मोबाइलसारखी पोर्टिंगची सोय लँडलाइनला नाही. बँक, गॅस एजन्सी आणि विमा, तिन्हीकडे नवा नंबर कळवून मगच अर्जावर सही करा, आणि डिपॉझिटची पावती शोधून त्यालाच जोडा.