फुरसं चावलेला रुग्ण : फायनल इयरला हातात बसायलाच हवी अशी चाचणी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पोस्टिंग असेल तर फुरसं (रक्ताची गोठण बिघडवणारा विषारी साप) चावलेला रुग्ण बघायला मिळणारच. कातळावर गवत कापताना पायाला चावलेला. आल्याआल्या श्वास, नाडी, बीपी बघा आणि लगेच रक्त गोठतंय का ते तपासा.

काचेची नवी, कोरडी टेस्ट ट्यूब घ्या. शिरेतलं 2 मिली ताजं रक्त तिच्यात सोडा, वेळ लिहा, 20 मिनिटं ट्यूबला हात लावू नका. मग एकदाच तिरकी करा. रक्त ओघळलं तर गोठण बिघडली आहे. घोळ होतो तो ट्यूबमुळेच. साबणाने धुतलेल्या काचेत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. प्लॅस्टिकचीही चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. शंका आली तर निरोगी माणसाचं रक्त शेजारी लावून बघा.

गोठलं तरी घरी सोडायचं नाही. पहिले 3 तास दर अर्ध्या तासाने, नंतर तासाला चाचणी करा. नाही गोठलं तर सीनियरना ताबडतोब बोलवा. प्रतिविषाचा पहिला डोस साधारण 10 व्हायल, लहान मुलांनाही तेवढाच. सापाने विष काही वय बघून कमी सोडलेलं नसतं. प्रतिविषाची ॲलर्जी आली तर लागेल म्हणून ॲड्रेनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवा. पुढची चाचणी 6 तासांनी, कारण यकृताला गोठणघटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो.

मण्यारीचं विष रक्तावर नाही, मज्जातंतूंवर परिणाम करतं, त्यामुळे ती चावली असेल तर ही चाचणी नॉर्मल येते. म्हणून प्रत्येकाला वर बघायला लावा आणि पापण्या पडतायत का ते तपासा.