लोकांच्या तोंडी बसणारा संवाद कसा लिहावा

एकांकिका किंवा चित्रपट लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपले एखादे तरी वाक्य लोकांच्या तोंडी बसावे असे वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. मात्र त्यासाठी चमकदार वाक्य शोधत बसू नये, आधी प्रसंग पक्का करावा. ‘शोले’तील (१९७५) ‘कितने आदमी थे?’ हा प्रश्न कागदावर अगदी साधा आहे. पडद्यावर मात्र खडकावर घासत जाणारा पट्टा, बुटांचा आवाज आणि समोर भेदरून उभे असलेले तिघे एवढा दबाव निर्माण करतात, की सलीम-जावेद यांना त्या प्रश्नात धमकीचा एकही शब्द घालावा लागलेला नाही.

प्रसंग बसला की पात्राची त्या क्षणीची अडचण ठरवावी. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) धनंजय मानेला घरमालकाकडून घेतलेल्या पैशांचा विषय कायमचा मिटवायचा असतो. तिथे ‘पैसे बुडाले’ असे लिहिले असते तर माहिती पोचली असती, पण हसू आले नसते. वसंत सबनीस यांच्या लेखणीतून आले ते ‘सत्तर रुपये वारले’. रक्कम नेमकी, क्रियापद मोठ्या माणसाच्या निधनाचे आणि अशोक सराफ यांचा सूर सांत्वनाला आल्यासारखा गंभीर! हे वाक्य अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात विनोद करण्याची धडपड कुठेच दिसत नाही.

स्वतः लिहिताना एकच वाक्य चार-पाच प्रकारे लिहून मोठ्याने म्हणून पाहावे आणि जोर असलेला शब्द शक्यतो शेवटी आणावा. त्यानंतर थोडी जागा मोकळी सोडावी. पुढच्या पात्राने त्याचा अर्थ समजावून सांगू नये. तेच वाक्य पुन्हा वापरायचे असेल, तर दुसऱ्या वेळी परिस्थिती बदललेली असावी. ते रोजच्या व्यवहारात वापरता येईल का, हेही तपासावे. अनोळखी दार ठोठावताना आजही कुणीतरी ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ असे विचारतो, ते त्या प्रश्नाला कुठल्याही दारात जागा मिळते म्हणूनच.

तालमीत नटाने एखादा शब्द सहज बदलला आणि वाक्य अधिक सुटसुटीत झाले, तर लेखकाने हट्ट न धरता तो बदल स्वीकारावा. चहाच्या सुट्टीत मंडळी ते वाक्य आपसांत वापरू लागली तर ते ठेवावे. लेखकालाच त्याकडे लक्ष वेधावे लागत असेल, तर संहितेतून काढून टाकावे.