दुसऱ्या मशीनला लावलेली डिस्क उघडत नाही? या चुका टाळा

एका लिनक्स मशीनमधली डिस्क दुसऱ्याला लावली आणि माउंट झाली (म्हणजे फाइली वाचण्यासाठी जोडली गेली) नाही, तरी डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. तो जातो नंतरच्या 'दुरुस्ती'त. म्हणून आधी ब्लॉकडेव्ह --सेटआरओ चालवून डिस्क आणि तिची पार्टिशनं यांवरचं लेखन बंद करा, मग एलएसबीएलके -एफ चालवून कुठल्या पार्टिशनचा प्रकार काय ते बघा. नुसत्या 'आरओ' (फक्त वाचण्यापुरत्या) माउंटवर विसंबू नका. जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट राहिलं असेल तर ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम ते 'आरओ' असतानाही डिस्कवर उतरवते. तिला 'आरओ,नोलोड' द्या, एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमला 'आरओ,नोरिकव्हरी'.

सर्वात फसवी चूक यूएसबी डॉकची (डिस्क यूएसबीने जोडायचं उपकरण). काही डॉक ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क ४०९६ची म्हणून दाखवतात. तिथे फॉरमॅट केलेली डिस्क थेट मशीनच्या आतल्या साटा जोडणीला लावली की पार्टिशन टेबलाचा हिशेबच बिघडतो. एमबीआर प्रकारच्या टेबलात पार्टिशनची सुरुवात सहसा २५६व्या सेक्टरला लिहिलेली असते. डॉकवर ते २५६ × ४०९६, म्हणजे बरोबर १ एमआयबी. साटावर तेच २५६ × ५१२, म्हणजे १२८ केआयबी. तिथे फाइलसिस्टम नसतेच. फाइलसिस्टम तपासणारी एफएससीके 'बॅड मॅजिक नंबर' म्हणून ओरडते आणि माणूस घाबरून नवं टेबल लिहायला बसतो. ते करू नका. जुना डॉक हाताशी असेल तर त्यालाच लावा. नसेल तर लोसेटअपला -आर (स्मॉल), -पी (कॅपिटल) आणि --सेक्टर-साइझ ४०९६ देऊन संपूर्ण डिस्कवर लूप डिव्हाइस (आभासी डिस्क) बनवा. पार्टिशनं दिसू लागतात.

हाच 'मॅजिक नंबर'चा संदेश एसडीबी१ या पार्टिशनऐवजी एसडीबी या अख्ख्या डिस्कवर एफएससीके चालवल्यावरही येतो, तेव्हा आधी स्वतःची आज्ञा वाचा.

एलएसबीएलकेत प्रकार 'एलव्हीएम२_मेंबर' दिसला (म्हणजे जागा एलव्हीएम ही व्यवस्था 'व्हॉल्यूम ग्रुप' करून वाटते) तर ते पार्टिशन थेट माउंट करू नका, आधी व्हीजीचेंज -एवाय द्या. दोन्ही डिस्कवर व्हॉल्यूम ग्रुपचं नाव एकच असेल (एकाच इन्स्टॉलरने बसवलेल्या मशीनवर हे होऊ शकतं), तर नाव बदलणाऱ्या व्हीजीरिनेमला जुन्या नावाऐवजी यूयूआयडी (ग्रुपचा एकमेव ओळख क्रमांक) द्यावा लागतो. हे मात्र लेखन आहे, त्यापुरतं ब्लॉकडेव्ह --सेटआरडब्ल्यूने लेखन सुरू करा.

झेडएफएस ही फाइलसिस्टम 'पूल (तिचा डिस्कसंच) दुसऱ्या सिस्टमच्या वापरात आहे' म्हणते, कारण जुन्या मशीनवर एक्सपोर्ट (पूल रीतसर सोडणं) राहून गेलेलं असतं. झेडपूल इंपोर्ट -एफ (स्मॉल) चालतं, पण पूल खरोखर दुसरीकडे जोडलेला नाही याची खात्री करूनच.

एक्सएफएस दुरुस्त करणाऱ्या एक्सएफएस_रिपेअरचा -एल (कॅपिटल) लॉग, म्हणजे जर्नल, पुसतो, त्यामुळे तो अगदी शेवटी.

माउंट झालं, पण 'परमिशन डिनाइड'? एलएस -एलएनने फाइलच्या मालकाचा आकडा (यूआयडी) बघा: उदा. जुना १००१, तुमचा १०००. सरसकट मालक बदलणारं चाऊन -आर (कॅपिटल) मारलात तर मूळ मालकी कायमची पुसली जाईल. रूट म्हणून कॉपी करा.